हाक आणि घड्याळ : बहुमाध्यम आज्ञावलीतील टाइमर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, ते आम्हांला गणित शिकवीत आणि एकादशीच्या रात्री भजनाला तबल्याच्या साथीला बसत. सकाळी फळ्यावर अपूर्णांक आणि रात्री देवळात भजनी ठेका, ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. दोन्हीकडे समान भाग पाडायचे असतात, आणि भाग पाडून उरलेली बारीकशी बाकी कुठे गेली याचा हिशेब ठेवायचा असतो. ती बाकी विसरल्यामुळे याच शाळेच्या मंचावर माझी एकदा चांगलीच फजिती झाली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या फजितीचा उशिरा दिलेला खुलासा होय.

संयोजकांनी मला 'संगणक' एवढाच विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर तासाभरात बोलणाऱ्याने एक तर भविष्य वर्तवावे किंवा भीती घालावी, असा प्रघात पडला आहे. मला दोन्ही साधत नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा कोपरा निवडला आहे : संगणकाला ठरावीक वेळाने हाक मारायला सांगणे, आणि त्या हाकेच्या आधारे चित्र, शब्द व ध्वनी यांची सांगड घालणे. भ्रमणध्वनीवर गाणे लावताच त्याच्या ओळी एकामागून एक उजळत जातात, चित्रफितीतल्या माणसाचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलतात; या साऱ्याच्या मुळाशी हीच हाक असते.

आधी हाक म्हणजे काय ते पाहू. बेळगावहून रात्रीच्या बसने कडोलीला उतरणारा एक दमलेला प्रवासी आहे आणि बस पुढच्या गावाला जाणारी आहे. तो दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर डोकावून गाव आले का ते पाहू शकतो. त्याला झोप मिळत नाही, आणि डोळा लागलाच तर गावही चुकते. दुसरी रीत म्हणजे, "कडोली आली की हाक मारा," असे कंडक्टरला सांगून डोळे मिटणे. संगणकाच्या परिभाषेत पहिल्या रीतीला पोलिंग म्हणतात आणि दुसरीला कॉलबॅक. आज्ञावली लिहिणारा आपल्या आज्ञावलीचा एक छोटा भाग, म्हणजे एक फंक्शन, बाजूला काढतो, त्याचा पत्ता कार्यप्रणालीच्या हाती देतो आणि सांगतो की इतक्या मिलिसेकंदांनी या पत्त्यावर हाक मार. हे फंक्शन आपण लिहितो, पण आपण स्वतः त्याला कधीच बोलावीत नाही. त्याला बोलावते ती कार्यप्रणाली, तिच्या सोयीने, आपण भलत्याच कामात असताना.

'तिच्या सोयीने' हे शब्द ध्यानात ठेवावेत. कंडक्टर तिकिटे फाडण्यात गुंतलेला असला तर हाक उशिरा येते. शहाणा प्रवासी हाक ऐकून डोळे मिटूनच दाराकडे धावत नाही. तो आधी बाहेर बघतो आणि आपण नेमके कुठे आहोत याची खात्री करून घेतो. माझी चूक झाली ती नेमकी इथे.

बहुमाध्यमात या हाकेला एवढे महत्त्व का यावे? चित्र आणि ध्वनी यांचा संसार मुळातच कुरकुरीचा आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला. त्याआधीच्या मूकपटांत कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. तो थोडा जलद वा मंद फिरला तर पडद्यावरचा माणूस किंचित लगबगीने चाले, इतकेच. डोळा ते सोसून घेई. कान सोशिक नसतो. ध्वनीची गती जराशी जरी बदलली तरी सूर उतरतो किंवा चढतो आणि गाण्यातले काहीही न कळणारा माणूससुद्धा मान वर करतो. म्हणून बोलपटाबरोबर सेकंदाला २४ चित्रे ही गती कायम झाली, आणि ध्वनी चित्राच्याच फितीवर एका कडेला छापला जाऊ लागला. फीत एकच असल्यामुळे दोघांची फारकत होण्याचा प्रश्नच उरला नाही. संगणकात मात्र ही एक फीत नाही. तिथे ध्वनी एका यंत्रणेकडून वाजतो, चित्र दुसरीकडून उमटते, आणि दोघांना जोडणारा धागा आज्ञावली लिहिणाऱ्याला वळावा लागतो.

आता १९९८ ची गोष्ट. गुरुजी जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीचे वीस मिनिटांचे भाषण एका कॅसेटवर होते, आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी शाळेची जुनी छायाचित्रे पडून होती. मी तेव्हा पुण्याला संगणकाच्या नोकरीत होतो. भाषण संगणकात उतरवून घ्यावे, चौऱ्याहत्तर छायाचित्रे स्कॅन करावीत आणि गुरुजी ज्याचा उल्लेख करतील त्याचे चित्र त्याच क्षणी पडद्यावर यावे, अशी माझी योजना होती. सेकंदाला ११,०२५ नमुने या हिशेबाने ते भाषण एक कोटी बत्तीस लाख बाइटांचे झाले. त्या काळच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा थोडी नव्हती. कोणते चित्र कितव्या सेकंदाला यावे याची यादी मी कानाला हेडफोन लावून, रात्री जागून केली.

आज्ञावली सोपी होती. विंडोज ९५ ला सांगितले की दर १००० मिलिसेकंदांनी हाक मार. प्रत्येक हाकेला मी एक आकडा एकाने वाढवीत असे. आकडा यादीतल्या सेकंदाशी जुळला की पुढचे चित्र. पहिली दोन मिनिटे पाहिली, सारे ठीक दिसले. शाळेत येण्याच्या आदल्या रात्री प्रथमच वीस मिनिटे सलग चालवून पाहिले, तर शेवटी चित्रे आवाजाच्या कितीतरी पुढे पळालेली. मला वाटले, कॅसेट उतरवून घेताना टेप मंद चालला असावा. म्हणून यादीतले आकडे मी हाताने थोडेथोडे वाढवले. चुकीच्या निदानावर केलेली दुरुस्ती किती बेमालूम दिसते पाहा : पहाटे तीन वाजता माझ्या खोलीत सगळे अगदी जुळून आले.

कार्यक्रमासाठी बेळगावातून भाड्याने आणलेला संगणक माझ्या संगणकापेक्षा जुना होता. पाचव्या मिनिटापासून चित्रे मागे पडू लागली. गुरुजी भाषणात आमच्या शाळेच्या शिपाईमामांविषयी बोलत होते. घंटेचा टोल आयुष्यभर ज्यांनी एकदाही चुकवला नाही, ते मामा भाषणाच्या काही महिने आधी वारले होते. गुरुजींचा आवाज भरून आला होता, आणि पडद्यावर मात्र रस्सीखेचीत चिखलात पडलेली आठवीची मुले होती. सभागृह हसले. मामांचे छायाचित्र मिनिटभराने आले, तेव्हा गुरुजी एका हेडमास्तरांच्या छत्रीचा किस्सा सांगत होते. लोक पुन्हा हसले. पहिल्या रांगेत गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. त्यांच्या मागेच मामांचा मुलगा होता. दोघांपैकी कोणीही मला काही बोलले नाही, आणि तेच मला फार लागले.

पुण्याला परतल्यावर मी कारण शोधायला बसलो. ते असे होते.

१९८१ साली आयबीएम कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात वेळ मोजण्यासाठी जी चिप बसवली तिला दर सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. हा विचित्र आकडा अमेरिकेतल्या रंगीत दूरदर्शनच्या तंत्रातून आलेला आहे : त्या तंत्रातल्या रंगवाहक लहरीच्या चौपट गतीचा स्फटिक संगणकात घेतला आणि त्या गतीला बाराने भागले. ही चिप ६५,५३६ ठोके मोजून झाले की एकदा 'टिक्' म्हणते. भागाकार केला तर सेकंदाला १८.२ टिक् येतात, म्हणजे एक टिक् ५४.९२५ मिलिसेकंदांची. विंडोज ९५ चा साधा टाइमर याच टिक्‌वर चाले. मी १००० मिलिसेकंद मागितले. त्यात अठरा टिक् पूर्ण बसतात आणि थोडी बाकी उरते. ती बाकी विंडोज सोडून देई. अठरा टिक् म्हणजे ९८९ मिलिसेकंद. माझा प्रत्येक 'सेकंद' अकरा मिलिसेकंदांनी तोकडा होता. वीस मिनिटांत ही उरलेली बाकी जवळजवळ चौदा सेकंदांची झाली. टेप मंद नव्हता, माझे मोजणे उतावीळ होते.

मग भाड्याच्या संगणकावर उलटे का झाले? साधा टाइमर आपली हाक संदेशाच्या रूपाने आज्ञावलीच्या दारात ठेवतो. आज्ञावली हार्ड डिस्कवरून मोठे चित्र वाचण्यात दोन-तीन सेकंद अडकली, तर तेवढ्या वेळात आलेल्या हाका रांगेत उभ्या राहत नाहीत. दारात आधीच एक हाक पडून असेल तर दुसरी ठेवलीच जात नाही. हाका साचत नाहीत. तीन सेकंद गेले आणि माझा आकडा एकानेच वाढला, असे चौऱ्याहत्तर चित्रांत होत गेले. मिनिटाहून अधिक वेळ असा गळून गेला. त्यात आदल्या रात्री वाढवून ठेवलेल्या आकड्यांची भर पडली.

म्हणजे दोष टिक्‌चा नव्हता आणि हार्ड डिस्कचाही नव्हता. हाक म्हणजेच वेळ, असे मी धरून चाललो होतो. माझी चूक ती. हाक फक्त जागे करते. जागे झाल्यावर किती वाजले हे घड्याळाला विचारावे लागते, आणि चित्र-ध्वनीच्या खेळात ते घड्याळ ध्वनीचेच असले पाहिजे. विंडोजमध्ये तेव्हाही वाजत असलेल्या ध्वनीला 'तू आता कुठवर आलास' असे विचारण्याची सोय होती. उत्तर मिलिसेकंदांत मिळे. मी सगळी मोजणी काढून टाकली. टाइमर सेकंदातून चारपाच वेळा कसाबसा उठवी. उठले की ध्वनीला विचारायचे, त्याने सांगितलेल्या जागेला यादीतले जे चित्र लागू आहे ते दाखवायचे, आणि झोपी जायचे. एखादी हाक उशिरा आली किंवा बुडाली, तर फार तर पुढचे चित्र पाव सेकंदाने उशिरा येई; चूक पुढच्या चित्राच्या माथी चढत नसे.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक होती, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र मांडीत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटीचे बुडणे ही हाक. पण बुडालेली वाटी बाहेर काढून, रिकामी करून पुन्हा सोडीपर्यंत दहा सेकंद गेले, तर अहोरात्रीच्या साठ घटिकांत दहा मिनिटांचे अंतर पडेल. प्रत्येक घटिका मागच्या घटिकेला टेकून उभी असली की असे होते. म्हणूनच मोजणी सूर्योदयापासून धरीत. उद्याचा सूर्य आजची चूक पुसून टाकी. सूर्य हे घड्याळ आणि वाटी ही हाक, हा भेद त्यात सांभाळला होता.

जिथे हा भेद सुटला तिथे कधी कधी माणसे मेली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा एका इराकी स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि अठ्ठावीस सैनिक प्राणास मुकले. ती यंत्रणा सेकंदाचे दशांश मोजून वेळ काढीत असे. द्विमान पद्धतीत एक दशांश ही संख्या पूर्ण लिहिता येत नाही. आपल्याकडे एक तृतीयांशाचे दशांशरूप जसे संपत नाही, तसेच ते. चोवीस बिटांपुढची शेपटी कापली गेली होती. एका दशांशामागे ही चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी होती. पण यंत्रणा शंभर तास बंद न करता चालू होती, आणि तेवढ्या वेळात चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. स्कड तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. माझी चौदा सेकंदांची चूक त्या मानाने राक्षसी होती. तिच्यापायी केवळ हसू झाले, हे नशीब.

चित्रांचे काम साधल्यावर माझा आत्मविश्वास वाढला आणि मी त्याहून अवघड गोष्टीला हात घातला. आपल्या भागाला गाण्याचे वरदान आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्याच तालुक्यातल्या सुळेभावीचा. गावोगाव भजनी मंडळे आहेत, पण तबला शिकणाऱ्या मुलाला रोज साथ द्यायला कोण बसणार? बेंगळुरूच्या राडेल कंपनीची 'तालमाला' हे तबल्याचे ठेके वाजवणारे यंत्र शहरातल्या घरांत आले होते. खेड्यातल्या मुलाला ते परवडेलच असे नाही. म्हणून, नगमा आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि त्यावर संगणकाने त्रितालाचा ठेका धरावा, अशी आज्ञावली मी २००३ च्या सुमारास लिहायला घेतली.

मिनिटाला शंभर मात्रा अशी लय घेऊ. एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. विंडोजच्या पुढच्या पिढीत टिक् बरीच बारीक झाली होती, साधारण १५.६२५ मिलिसेकंदांची. प्रत्येक बोल वाजवून झाल्यावर 'आता ६०० मिलिसेकंदांनी उठव' असे सांगत गेलो, तर ६०० मध्ये ३८.४ टिक् येतात. अपुरी टिक् चालत नाही म्हणून कार्यप्रणाली ३९ टिक्‌नंतर उठवते, म्हणजे ६०९.३७५ मिलिसेकंदांनी. एका मात्रेमागे नऊ मिलिसेकंद, हे कोणाच्याही कानाला कळणार नाही. पण सोळा मात्रांचे एक आवर्तन १५० मिलिसेकंदांनी लांबते, आणि चार आवर्तनांत पूर्ण एक मात्रा हरवते. नगमा समेवर येतो तेव्हा तबला अजून पंधराव्या... नव्हे, सोळाव्या मात्रेवर असतो. पाहा, बोलतानासुद्धा मोजणी चुकते.

माणूस असा वाजवीत नाही. गुरुजी तबल्यावर बसत तेव्हा एका थापेपासून दुसऱ्या थापेपर्यंतचे अंतर मोजून पुढची थाप देत नसत. त्यांच्या मनात सबंध आवर्तन एकदम उभे असे. एखादा बोल रेंगाळला तर पुढचा बोल त्याच्यामागून रेंगाळत जात नसे. तो आपल्या ठरलेल्या जागीच पडे आणि समेवर सारे एकत्र येई. आज्ञावलीतही हेच करावे लागते. आरंभाचा क्षण एकदा टिपून ठेवायचा, आणि सदतिसावी मात्रा कधी, तर आरंभापासून छत्तीस गुणिले ६०० मिलिसेकंदांनी. छत्तिसावी कधी वाजली याच्याशी तिला कर्तव्य नाही.

बारीक हाकेसाठी विंडोजने निराळा टाइमर दिला होता. त्याला मल्टिमीडिया टाइमर म्हणत आणि तो मागण्याच्या फंक्शनचे नाव टाइमसेटइव्हेंट. किती मिलिसेकंदांनी, किती अचूक, कोणत्या पत्त्यावर, सोबत कोणता निरोप, आणि हाक एकदाच की पुन्हा पुन्हा, एवढे त्याला सांगायचे. तो एक मिलिसेकंदापर्यंत बारीक हाक मारी. त्याआधी टाइमबिगिनपिरियड या फंक्शनने संगणकाची टिक् बारीक करून घ्यावी लागे, आणि काम झाल्यावर ती पूर्ववत सोडावी लागे. घेतलेली वस्तू जागेवर ठेवणे हा शिष्टाचार इथेही आहे.

या टाइमरची हाक दारात संदेश ठेवून जात नाही. ती वेगळ्या धाग्यावरून, आपण काय करीत आहोत याची पर्वा न करता थेट आत शिरते. म्हणून तिच्यासोबत एक कडक नियमावली आली होती. मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकेत कॉलबॅकमधून बोलावण्याजोग्या फंक्शनांची नावानिशी यादीच दिली होती आणि ती डझनभराचीच होती : मुख्य आज्ञावलीला संदेश पाठवावा, खुणेचे निशाण वर करावे, मिडी यंत्राला स्वर द्यावा, वेळ विचारावी, टाइमर बंद करावा, असे काही. मी सुरुवातीला तिच्यातच बोलाची ध्वनिफाइल उघडली, पडद्यावर मात्रेचा आकडा रंगवला, आणि संगणक मधूनच गोठू लागला. माझे उदाहरण पुन्हा शिपाईमामांचे. मामांनी टोल दिला की तास संपला हे सर्वांना कळे. टोल देऊन झाल्यावर त्यांनी वर्गात जाऊन गणितही शिकवायला घेतले असते, तर पुढचा टोल कोणी दिला असता? कॉलबॅकने टोल द्यावा आणि निघावे.

तिथे आणखी एक खड्डा असतो. हाक मारणारा आणि काम करणारा एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागले तर वहीतला मजकूर कोणाचाच राहत नाही. म्हणून वहीला कुलूप लागते. पण कुलूप काम करणाऱ्याने लावले आणि तो चित्र रंगवीत बसला, तर हाक मारणारा दाराशी ताटकळतो, आणि मग बारीक टाइमर घेऊन काय उपयोग? शक्य तो दोघांच्या वह्या निराळ्या ठेवाव्यात. शेवटची सावधगिरी बंद करण्याच्या वेळची. खिडकी मिटली, ध्वनी थांबवला, स्मृती परत केली, आणि टाइमर तेवढा बंद करायचा राहिला, तर पुढची हाक रिकाम्या घरात जाते आणि आज्ञावली कोसळते. आधी टाइमर थांबवायचा, वाटेत असलेली हाक येऊन गेल्याची खात्री करायची, मग घर आवरायचे. हा क्रम चुकलेल्या कितीतरी आज्ञावल्या मी पुढे नोकरीत दुरुस्त केल्या. चूक अशी की ती शंभरातून एकदा दिसते आणि तीही नेमकी लोकांसमोर.

एवढे करूनही माझा ठेका निर्दोष झाला नाही. एक मिलिसेकंदाची हाक मागितली तरी मधूनच एखादी वीस-तीस मिलिसेकंदांनी उशिरा येई आणि थाप किंचित लंगडे. शिवाय ध्वनी वाजवणाऱ्या यंत्रणेचा स्फटिक वेगळा आणि संगणकाच्या घड्याळाचा वेगळा. दोघांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. दोन घड्याळे बाळगणाऱ्याला खरी वेळ कधीच कळत नाही, तशी गत.

यातून सुटण्याची जी रीत पुढे सर्वत्र रूढ झाली, ती समजायला ध्वनी कसा वाजतो ते पाहावे लागेल. संगणकातला ध्वनी म्हणजे आकड्यांची धार. उत्तम प्रतीच्या ध्वनीसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे. हे आकडे गठ्ठ्यांनी पुरवायचे असतात. ५१२ आकड्यांचा गठ्ठा ११.६ मिलिसेकंद पुरतो. तो संपत आला की ध्वनियंत्रणा स्वतःच हाक मारते की पुढचा गठ्ठा आण. हीही कॉलबॅकच, पण हिचा ताल ध्वनीच्या स्फटिकावर चालतो. गठ्ठा वेळेवर गेला नाही तर 'टक्' असा आवाज येतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. म्हणून या हाकेत फाइल उघडायची नाही, नवी स्मृती मागायची नाही, कुलपापाशी थांबायचे नाही. पण एकदा धार अशी अखंड वाहू लागली, की धा कितव्या आकड्यापासून सुरू व्हावा हे अगदी नेमके ठरवता येते. सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागाइतके नेमके.

मग साध्या टाइमरला काय काम उरले? तो दर २५ मिलिसेकंदांनी ओबडधोबडपणे उठवतो. उठले की ध्वनीच्या घड्याळात पाहायचे, पुढच्या १०० मिलिसेकंदांत कोणकोणते बोल पडायचे आहेत ते काढायचे, आणि त्यांच्या नेमक्या जागा आधीच ध्वनीच्या धारेत नोंदवून ठेवायच्या. हाक दहा मिलिसेकंद उशिरा आली, एखादी बुडाली, तरी बोल आधीच पेरलेले असतात. तबलजीचा हात मात्रेच्या आधी उचललेला असतो, तसे हे. टाइमर ढिला आणि ठेका मात्र घट्ट, ही किमया प्रथम ऐकली तेव्हा मी अक्षरशः उठून बसलो होतो.

आज ही जाण पूर्वीपेक्षा अधिक लागते, कारण हाक आता मुद्दामच ढिली केली जात आहे. बारीक टिक् म्हणजे प्रोसेसरला सारखे उठवणे, आणि त्याने भ्रमणध्वनीची व लॅपटॉपची बॅटरी जाते. एका आज्ञावलीने विंडोजमध्ये टिक् बारीक करून घेतली की पूर्वी साऱ्या संगणकाचीच टिक् बारीक होई. २०२० च्या विंडोज १० पासून तो हक्क मागणाऱ्यापुरताच राहिला. टाइमसेटइव्हेंटला तर मायक्रोसॉफ्टने कालबाह्य म्हणून बाजूला ठेवले आहे. ब्राउझरमध्ये आपले पान मागे गेले की टाइमरच्या हाका सेकंदाला एकीवर आणल्या जाऊ शकतात. ज्या मुलाने सेकंद मोजून तबला वाजवायची आज्ञावली लिहिली, त्याचा ठेका मित्राचा निरोप वाचायला दुसरे पान उघडताच मोडू शकतो. ज्याने ध्वनीच्या घड्याळावर विसंबून पुरेसे पुढचे बोल पेरून ठेवले, त्याचा चालू राहतो.

गेल्या वर्षी काकूंच्या नातवाने मला ती १९९८ ची सीडी आणून दिली आणि विचारले की हे आता दिसेल का. माझी आज्ञावली सोळा-बिटी होती. आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर ती सुरूसुद्धा होत नाही. ध्वनी आणि छायाचित्रे मात्र शाबूत निघाली. यादीही होती. फजितीनंतर मी ती ध्वनीतल्या जागांप्रमाणे, पहिल्या शब्दापासून मोजून पुन्हा लिहिली होती, एका चित्रापासून दुसऱ्याच्या अंतराने नव्हे. त्यामुळे तिच्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही. आम्ही दोघांनी एका दुपारी नवी आज्ञावली लिहिली; ती चाळीसएक ओळींची झाली.

या व्याख्यानानंतर ते भाषण आपल्याला पडद्यासह ऐकवण्यात येणार आहे. शिपाईमामांचा उल्लेख अकराव्या मिनिटाला येतो.